सतारमेकर व्हा, तेही काशीत!

नोकरी सोडलीत? अभिनंदन. सुटली असेल तर दुप्पट अभिनंदन, कारण सोडणाऱ्याला लोक नुसता सल्ला देतात, सुटलेल्याला सल्ल्याबरोबर चहाही पाजतात. आता ‘पुढे काय’ हा प्रश्न घरात निघायच्या आत उत्तर तयार हवं. बेकरी काढू नका, पहाटे उठावं लागतं. होम-स्टे नको, पाहुणे येतात. सेंद्रिय शेतीत इतके संगणक अभियंते घुसले आहेत की बांधावर फोटो काढायलाही रांग लागते. उरली तंतुवाद्यांची निर्मिती. मांडीवर सतार, हातात कानस, मागे गंगा. सुरुवातीचं भांडवल म्हणून एवढा फोटो पुरे.

आणि काशीच का? ‘काशीस जावे नित्य वदावे’ असं आपल्याकडची जुनी माणसं सांगून गेली आहेत. नुसतं वदत राहिलं तरी चालतं, ही त्यातली मोठी सवलत. ती घेणार असाल तर हे मार्गदर्शन इथेच मिटवा. बरंच लाकूड वाचेल. बाकीच्यांनी वही-पेन्सिल काढा.

१. घरच्यांना सांगा.

‘सुतारकाम शिकायला चाललोय’ असं सांगू नका. ‘वाद्यशिल्प’ म्हणा. सासरे ‘म्हणजे सुतारकामच ना?’ असं विचारणार आहेतच. त्या वेळी वाद न घालता मान जराशी तिरकी करा आणि खिन्न हसा. हे हसू पुढे गिऱ्हाइकासमोरही लागतं, म्हणून सराव आत्तापासून ठेवा.

२. काशीला पोचा.

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस, पुण्याहून ज्ञानगंगा. खोली ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला बघा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, वरणभाताची आणि सल्ल्याची सोय होते. फक्त एका प्रश्नाची तयारी ठेवा. पंचेचाळिशीचा मराठी पुरुष पिशवी घेऊन घाटावर एकटा दिसला की काशीत पहिला प्रश्न येतो, पिंडदान कुणाचं? ‘नोकरीचं’ असं सांगून मोकळे व्हा. गुरुजी दक्षिणेत सूट देत नाहीत, पण रस्ता सोडतात.

आपली माणसं काशीत नवी नाहीत. आजचं विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये अहल्याबाईंनी बांधलं. नागपूरकरांचा भोसले घाट आहे. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला घाट इतका भव्य होता की स्वतःच्याच वजनानं खचला. नवउद्योजकानं शिंदे घाट रोज सकाळी एकदा पाहून यावा.

दुकान शक्यतो वरच्या मजल्यावर घ्या. पावसाळ्यात गंगा चढते, तेव्हा मणिकर्णिकेवरचे अंत्यसंस्कारसुद्धा गच्चीवर हलवावे लागतात. तिथे तुमच्या लाकडाची काय कथा.

३. शहराचा मोठेपणा पाठ करा.

युनेस्कोनं डिसेंबर २०१५ मध्ये वाराणसीला ‘संगीताचं शहर’ म्हटलं आहे. हे माहितीपत्रकात पहिल्या ओळीत टाका. पाठोपाठ रविशंकर काशीत जन्मले (१९२०) हेही टाका. बिस्मिल्ला खाँ, कबीरचौऱ्याचे तबलजी, ठुमरी, संकटमोचनच्या देवळातला संगीत समारोह, तुळशीघाटावरचा ध्रुपद मेळा, सगळं टाका, जागा भरेल.

एक गोष्ट मात्र टाकू नका. काशीत जन्मलेल्या रविशंकरांची गाजलेली सतार घडवली ती कलकत्त्याच्या नोडू मलिक यांनी. विलायत खाँ आणि निखिल बॅनर्जी यांचे कारागीर हिरेन रॉय, तेही कलकत्त्याचेच. काशी हे मुख्यतः वाजवणाऱ्यांचं आणि गाणाऱ्यांचं गाव. सतारी काशीतही होतात, चांगल्या होतात, पण भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते २०२५ मध्ये बनारसी तबल्याला. सतारीचं आणि तंबोऱ्याचं मानांकन २०२४ मध्येच एका वेगळ्या गावानं नेलं. त्या गावाचं नाव मिरज. पुण्याहून मिरज पाच-सहा तासांवर आहे आणि तिथे जायला काशी एक्स्प्रेस लागत नाही. पण मिरजेला जाऊन आत्मशोध घेतला असं कुणाला सांगता येईल? जंक्शनवर गाडी बदलायला उतरला होता, एवढंच लोक म्हणतील. तेव्हा काशीच बरी.

४. वंशावळ तयार करा.

या धंद्यात ‘कितवी पिढी?’ हे विचारतातच. ‘पहिली’ हे उत्तर देऊ नका, गिऱ्हाईक उठून जातं.

धीर खचू देऊ नका, कारण मिरजेतही कुणीतरी पहिला होताच. फरीदसाहेब शिकलगार. घराण्याचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी संस्थानांच्या फौजा कागदावर आणल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि या माणसानं हातातली कानस सतारीकडे वळवली. पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीचंही. म्हणजे मधल्या वयात धंदा बसणं ही तुमची अडचण नसून परंपरा आहे. फरक एवढाच की त्यांच्या हाताला पोलादावर केसाएवढी धार काढायची सवय होती आणि तुमच्या हाताला माउसची.

दुसरा फरक शेजाऱ्यांचा. मिरजेच्या कारागिराला कान कुठून आला? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते आणि त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर घोटून घेत होते. नंतर अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीत स्वतःला गती, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून ते किती अवघड असतील याची कल्पना करा. तंबोरा खांद्यावर टाकून माणूस चार घरं ओलांडून जायचा, तिथे वाजवून दाखवायचा, शिव्या खायचा आणि परत यायचा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला देशभरचे गवई येत, अजूनही येतात. तिथे आपण केलेला तंबोरा चारचौघांत वाजताना ऐकायला मिळायचा. असे शंभर-दीडशे वर्षं शेजारी मिळाले की कान तयार होतो. तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर ट्रेडमिल आहे आणि खालच्या मजल्यावर कुत्रा. कामाला लागा.

५. भोपळा आणा.

सतारीचा आणि तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे भोपळा, खराखुरा, वेलावर धरलेला. भाजीचा नाही, हा कडू असतो. आतला गर काढून महिनोन्‌महिने वाळवला की कवच लाकडासारखं कडक होतं. तुम्ही आता विश्वनाथ गल्लीतून विचारत विचारत जाल, बंगाली टोल्यातल्या एखाद्या कारखान्यात छताला टांगलेले भोपळे दिसतील, तुमचे डोळे भरून येतील आणि तुम्ही विचाराल, ‘चाचा, ये कहाँ का है?’

‘महाराष्ट्र का. पंढरपूर की तरफ का.’

रडू नका. वाद्याचा चांगला भोपळा सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात होतो आणि तिथून दूरदूर जातो. मंगळवेढ्याची ज्वारी तुम्ही आयुष्यभर खाल्लीत, शेजारच्या रानात काय वाळत पडलं आहे ते कधी बघितलं नाहीत. आता दीड हजार किलोमीटर येऊन, वाहतुकीच्या भाड्यासकट, तोच भोपळा विकत घ्या. पंढरपूरला दक्षिण काशी म्हणतात. तुम्हाला उत्तरेकडची हवी होती.

भोपळा निवडताना बोटाच्या पेरानं ठोकून बघा आणि डोळे मिटून ‘हं’ म्हणा. तुम्हाला काहीही कळणार नाही. दुकानदाराला ते कळेल. भाव त्यानुसार लागेल.

वाळवण गच्चीवर घालू नका. काशीची माकडं संगीतप्रेमी आहेत की नाहीत हा वाद आहे, पण गोल वस्तू गच्चीवरून खाली सोडायला त्यांना आवडतं.

६. लाकूड.

तून घ्या, नाहीतर सागवान. तून हलकं, लालसर, तबलीला आणि दांडीला चांगलं. कोणतंही घेतलंत तरी ते मुरायला वर्षं लागतात, आणि हे ऐकून ‘ओव्हनमध्ये वाळवलं तर?’ असं विचारायचा मोह आवरा. काशीत मे महिन्यात लू चालते आणि जुलैत भिंतीला पाझर फुटतो. न मुरलेली दांडी या दोन महिन्यांत एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकते. सरासरी काढली तर सरळच म्हणायची. गिऱ्हाइकाला सरासरी समजावून सांगा.

७. कायदा.

तारांखालच्या घोडीसाठी पूर्वी सांबराचं शिंग वापरत, नक्षीसाठी हस्तिदंत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा आणि दोन्ही विसरा. आता उंटाचं हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ चालतात. खुंट्या शिसमच्या करून परदेशी पाठवणार असाल तर त्याचीही एक कथा आहे. २०१७ मध्ये शिसमच्या अख्ख्या कुळाला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं आणि सतारीबरोबर झाडाचीही कागदपत्रं द्यायची वेळ आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या दोन वर्षांत तुम्ही हा धंदा काढला नाहीत, हे तुमचं आजवरचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल.

एखादं गिऱ्हाईक जवळ वाकून कुजबुजत विचारतं, ‘असली शिंगाची आहे का?’ नाही म्हणा. या धंद्यात प्रामाणिक उत्तराची संधी क्वचित येते, सोडू नका.

८. उस्ताद गाठा.

उस्ताद मिळतो. गल्ली अशी की समोरून बैल आला तर तुम्ही कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तिथे एका शटरची खोली. जमिनीवर भुसा, छताला भोपळे, भिंतीला तारा नसलेल्या सतारी उलट्या टेकवलेल्या. मधोमध बसलेला माणूस दांडी दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरून पटाशी चालवतो. आधी तुम्हाला वाटेल, शेगडा नाही म्हणून पाय. मग कळेल की लाकूड कुठे तडकू बघतंय ते त्याला तळपायाला आधी समजतं.

तुम्ही म्हणाल, मला सहा आठवडे आहेत. तो तुमच्याकडे बघेल, पटाशी खाली ठेवेल, पान तोंडात सरकवेल आणि फार आपुलकीनं म्हणेल, ‘बहुत है गुरु.’ काशीत सगळ्यांनाच गुरू म्हणतात, हुरळून जाऊ नका.

पहिला आठवडा झाडू. दुसरा आठवडा चहा आणणे. तिसऱ्या आठवड्यात पॉलिशपेपर हातात येईल आणि भोपळा बाहेरून घासायला मिळेल. इथे फोटो काढून घ्या, पुढे मिळेलच असं नाही. चौथ्या आठवड्यात कळेल की एका सतारीवर एकच माणूस काम करत नाही: लाकूड कापणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा, चपडीचं पॉलिश चढवणारा वेगळा. तुम्ही ज्याला उस्ताद म्हणत होता तो यातलं सगळं जाणतो, पण एकच काम दुसऱ्या कुणाला देत नाही. ते काम म्हणजे पुढचा मुद्दा. तो सावकाश वाचा.

९. जवारी.

सतारीच्या तबलीवर तारांखाली एक छोटा पाट असतो, ती घोडी. व्हायोलिनची घोडी उभी आणि पातळ, तार तिच्या कडेवर टेकते आणि मामला संपतो. आपली घोडी आडवी, दोन बोटं रुंद. तार तिच्या अंगावरून जाते आणि थरथरताना तिला पुन्हा पुन्हा शिवते. तो जो झणकार येतो, तंबोरा लागल्यावर खर्जातून स्वयंभू गंधार उमटतो, तो सगळा या दोन बोटांच्या पृष्ठभागाचा खेळ. पृष्ठभाग सपाट दिसतो. सपाट नसतो. त्याला एक उतार असतो, तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, फक्त ऐकू येतो. तीच जवारी.

१९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी यावर शोधनिबंध लिहिला. तार ज्या जागी छेडावी त्या जागी जे उपस्वर स्थिर असतात ते ऐकू येता कामा नयेत असा पाश्चात्त्यांचा नियम आहे. वीणा आणि तंबोरा तो सरळ मोडतात, आणि मोडतात ते या घोडीमुळे, असं त्यांनी दाखवून दिलं. रामन यांना नोबेल मिळालं ते १९३० मध्ये, प्रकाशाच्या कामाबद्दल. घोडी घासणाऱ्याला शाल-श्रीफळसुद्धा मिळालेलं नाही.

आता कृती. तार सैल करा. घोडीवरून बाजूला सारा. कानस हलक्या हातानं एकदा फिरवा, एकदाच. बारीक पॉलिशपेपर फिरवा. फुंकर मारा. तार परत चढवा, सुरात आणा, छेडा. ऐका. आवाज पत्र्यासारखा येतोय? तार सैल करा, बाजूला सारा, कानस फिरवा. आता बोथट झाला? तार सैल करा. पहिली तार जमली की दुसरी बिघडेल. दुसरी जमली की पहिलीकडे परत बघू नका. सतारीला मुख्य तारा सहा-सात, खाली आपोआप झणकारणाऱ्या तरफा अकरा-तेरा, आणि तरफांची घोडी वेगळी. जास्त घासलं गेलं तर घासलेलं परत भरता येत नाही. मग अख्खा पृष्ठभागच खाली आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशानं घोडी पातळ होत जाते. कागदाएवढी झाली की टाकून द्या आणि तिला अनुभव म्हणा.

उस्तादाकडे बघा. तो कानस फिरवताना घोडीकडे बघतसुद्धा नाही. गल्लीतून जाणाऱ्याशी दुधाच्या भावावर बोलत असतो. मग तर्जनीनं तार छेडतो आणि बोलणं वाक्याच्या मध्येच थांबतं. गल्लीतला माणूसही थांबतो, त्याला सवय आहे. तार विझेपर्यंत दोघं तसेच. मग उस्ताद कानशीचा अर्धा हात मारतो आणि दुधाचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुरं करतो.

तुम्ही मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप काढाल. सूर बरोबर आहे, असं ते सांगेल. सूर बरोबर असतोच, तो प्रश्नच नाही. तुम्हाला खुली जवारी हवी की बंद? रविशंकरांच्या वाजवण्याला खुली, विलायत खाँच्या गायकी अंगाला गोल, बंद. ‘मधली ठेवा’ असं म्हणू नका. मधली सर्वांत अवघड.

जमेना तर कारणं तयार ठेवा. हवा दमट आहे. तार जर्मन नाही. वाजवणाऱ्याची नखी जाड आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की या अंगणाला वाकडंच असावं लागतं. किती, एवढंच अजून ठरायचं आहे.

एक दिलासा आहे. जवारी टिकत नाही. तारा ओढून ओढून घोडीवर चरे पडतात, आवाज फाटतो आणि चांगल्यातल्या चांगल्या सतारियाला पुन्हा कारागिराच्या दारात यावं लागतं. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय किशोरीताई आमोणकर तोंड उघडत नसत. सभागृह ताटकळलं तरी. अशी चार माणसं गिऱ्हाईक म्हणून असली की कारागिराचं घर चालतं. झोप लागत नाही, पण घर चालतं.

१०. नक्षी भरपूर करा.

जवारी जमली नाही ना? मग पानं, वेल, मोर, कमळ, सगळं कोरा. पांढऱ्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या लावा. वरती दुसरा भोपळा बसवा, फोटोत भारदस्त दिसतो. माझं निरीक्षण असं की सतारीवर मोर जितके जास्त तितका आवाज कमी, पण दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवायच्या सतारीला आवाज लागतच नाही, आणि बाजारातला मोठा भाग त्या सतारींचा आहे.

११. लेबल छापा.

खरा धंदा इथे सुरू होतो. तयार सतार विकत घ्या, मिरजेहून मागवली तर उत्तम, आणि तिच्यावर तुमचं लेबल चिकटवा. लाजू नका, मोठ्या शहरांतल्या दुकानांत हे जुनंच आहे. मिरजेच्या गल्लीत घडलेलं वाद्य दिल्ली-मुंबईच्या शोरूममध्ये काचेमागे उभं राहिलं की त्याचं नाव बदलतं, किंमत बदलते आणि घडवणारा अदृश्य होतो. कोणत्या हातानं जवारी लावली ते लेबलावर लिहायची पद्धत नाही. तुम्ही एकट्यानं सुधारणा करायला जाऊ नका, लेबल लांबेल.

लेबलावर स्थापनेचं वर्ष हवंच. तुमचं जन्मवर्ष टाका. पायाभरणी तेव्हाचीच.

१२. किंमत.

चांगल्या सतारी वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत जातात. तुमची कुठे बसते हे गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपलेवरून ठरवा. परदेशी पाहुण्याला आधी गोष्ट विका, मग सतार. जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये रविशंकरांकडे शिकायला भारतात आला, त्याच्या पाठोपाठ निम्मं जग सतार घ्यायला आलं. तेव्हा दुकान टाकलं असतंत तर आज तुमच्या नातवानं नोकरी सोडली असती. साठ वर्षं उशीर झाला, त्याला तुमचा इलाज नाही. आताचा पाहुणा अस्सीघाटावर योग करतो, तीन दिवस राहतो आणि विमानात न्यायला लहान सतार आहे का विचारतो. ‘आहे’ म्हणा. सांगाडा लहान करा, किंमत तीच ठेवा. कारागिरी अवघड असते, असं सांगा.

स्थानिक गिऱ्हाइकाच्या नादी लागू नका. त्याचा चुलता तबला वाजवतो, मामा शहनाई, आणि तो स्वतः तार न छेडताच सतार परत ठेवतो.

१३. दुकान उघडा आणि वाट बघा.

पहिले काही महिने कुणी येणार नाही. या काळात विचार करायला भरपूर वेळ असतो, तो टाळा. विशेषतः हा विचार टाळा, की १९७९ मध्ये बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला आणि पुढे तो मोबाइलमध्ये फुकट मावला. आणि ज्या शिष्येनं पूर्वी मिरजेहून जोडी मागवली असती ती आज रिकाम्या हातानं क्लासला जाते.

आणि मग एके दिवशी विद्यापीठाच्या संगीत विभागातली एक मुलगी खरोखरच आत येईल. तुम्ही तार छेडून, डोळे मिटून, मान तिरकी करून बसा. ती पिशवीतून एक खोका काढेल. इलेक्ट्रॉनिक तंबोरा. ‘अंकल, इसका पिन ढीला हो गया है, बीच में बंद हो जाता है. बनता है क्या यहाँ?’

खोका हातात घ्या. मागचे चार स्क्रू काढा. अडॅप्टरच्या सॉकेटजवळ एक तार सुटलेली दिसेल, ती सोलून डाग द्या. स्क्रू बसवा, लावून दाखवा, पंचम वाजतोय ना बघा. हे काम तुम्हाला येतं, आणि पहिल्याच झटक्यात. शंभर सांगा, पन्नासवर या, आणि पावतीवर सतारमेकर असंच लिहा.